या वर्षी कळवण्यासारखं काहीच नाही

कामाची बातमी चांगली नसेल तर लोकांना तोंड कसं दाखवायचं, ही काळजी समुपदेशक म्हणून माझ्याकडे नाना रूपांत येते. कुणी फोन उचलणं बंद करतं, कुणी जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडतं, कुणी ‘मस्त चाललंय’ म्हणून विषय बदलतं. या वसंतात ती एका गोल्फ-लेखकाकडून आली. त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ पन्नाशीतले. बरीच वर्षं एका वृत्तपत्रासाठी गोल्फवर लिहीत होते. त्यांचं वर्ष मार्चमध्ये उजाडायचं. अलीकडच्या वर्षांत आधी फ्लॉरिडातली प्लेयर्स चॅम्पियनशिप, मग एप्रिलमध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा नॅशनल क्लबवर मास्टर्स स्पर्धा. २०१९पासून पीजीए चॅम्पियनशिपही मे महिन्यात आली, त्यामुळे वसंत म्हणजे नुसती धावपळ. या धामधुमीत ते दर वर्षी वाचकांना, सहकाऱ्यांना आणि नातेवाइकांना एक पत्र पाठवत. सध्या कुठे आहे, काय लिहितो आहे, घरचं कसं चाललंय, असं सगळं. गेल्या हिवाळ्यात वृत्तपत्राने गोल्फचं पदच बंद केलं. यंदा प्रेस पास नाही, दौरा नाही. पत्राची वेळ आली आणि लेखणी अडली. ‘ऑगस्टाला भेटूच’ असे मेसेज येत होते आणि ते एकालाही उत्तर देत नव्हते.

“मॅडम, काही घडलं असेल तर कळवीन ना,” ते म्हणाले. “कुणाचं पुस्तक येतंय, कुणाचा पॉडकास्ट सुरू झालाय. मी काय लिहू, घरी बसलोय?”

पहिल्या भेटीत मी पत्राचा विषय फारसा काढलाच नाही. झोप कशी आहे, जेवण जातं का, दारू वाढली आहे का, जगणं नकोसं वाटतं का, हे थेट विचारलं. हे प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण ते टाळून पुढे जाता येत नाही. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ कशातच मन रमत नसेल, झोप मोडत असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर लोकांना काय सांगायचं हा प्रश्न बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवं. यांचं तसं नव्हतं. झोप लागत होती, उमेदही सोडली नव्हती. रोज सकाळी मैदानावर जाऊन पटिंगचा, म्हणजे चेंडू हलकेच होलमध्ये ढकलण्याचा, सराव चालू होता. लाज मात्र जबर होती.

मी त्यांच्याकडे जुनी पत्रं मागितली. मला गोल्फचं ओ की ठो कळत नाही, तरी ती मी एका बैठकीत वाचली, इतकी ती सुरेख होती. २०१६च्या पत्रात गोल्फपटू जॉर्डन स्पीथ होता. मास्टर्सच्या शेवटच्या दिवशी पाच फटक्यांची आघाडी (गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो) घेऊन तो मैदानाच्या दुसऱ्या भागात शिरला आणि बाराव्या होलवर दोनदा चेंडू पाण्यात घालून सात फटके खर्ची घालून बसला. तो होल अवघा १५५ यार्डांचा, पण तिथे वारा कुठून कसा फिरेल याचा भरवसा नाही. २०१९मध्ये टायगर वूड्स, अकरा वर्षांच्या खंडानंतर पंधरावी मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकणारा. २०२५चं पत्र रोरी मॅकिलरॉयवर होतं. त्याने २०११मध्ये ऑगस्टाला शेवटच्या दिवशी ८० फटके खेळून आघाडी गमावली होती. २०१४नंतर त्याच्या हाती एकही मेजर लागली नव्हती, आणि चारही मेजर पुऱ्या करायला फक्त मास्टर्स उरली होती. दर एप्रिलमध्ये त्याला तोच प्रश्न ऐकावा लागे. अखेर जस्टिन रोझला प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा खेळात, हरवून त्याने तो संपवला.

आणि प्रत्येक पत्राची शेवटची ओळ एकच होती: ‘घरी सगळे मजेत.’

“२०१९मध्ये घरी कोण मजेत होतं?” मी विचारलं. ते जरा थांबले. त्या वसंतात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. हॉस्पिटलचं सगळं बायकोने एकटीने निभावलं. ऑगस्टाच्या मैदानावर मोबाइल नेता येत नाही, म्हणून त्या आठवड्यात दिवसा त्यांना फोन करायचाच नाही, हे घरात ठरूनच गेलं होतं.

“पण वाचकांना माझ्या आईच्या गुडघ्याशी काय देणंघेणं?” ते म्हणाले. मुद्दा बरोबर होता, आणि मी तो मान्यही केला. वाचकांना ते सांगायलाच हवं असं नाही. माझा प्रश्न वेगळा होता. त्यांच्या स्वतःच्या हिशेबात त्या गोष्टीला जागा होती का? कामाव्यतिरिक्त जे घडतं त्याला ते घडणं मानतच नव्हते. म्हणून काम गेल्याबरोबर ‘कळवण्यासारखं काहीच नाही’ ही भावना पक्की झाली. खरं तर आईला रोज फिरवणं, मुलीशी करिअरवरून झालेलं भांडण, बऱ्याच वर्षांनी घरी मिळालेला एप्रिल, हे सगळं त्या ‘काहीच नाही’मध्ये मोडत होतं.

यावर त्यांनीच मला बर्नार्ड डार्विनची गोष्ट सांगितली. चार्ल्स डार्विन यांचा हा नातू ‘द टाइम्स’साठी गोल्फवर लिहायचा. १९२२मध्ये वॉकर कपचं, म्हणजे ब्रिटन आणि अमेरिकेच्या हौशी गोल्फपटूंच्या सांघिक लढतीचं, वार्तांकन करायला अमेरिकेत गेला, तिथे ब्रिटिश संघाचा कप्तान आजारी पडला आणि वार्ताहरालाच खेळायला उतरावं लागलं. आपला एकेरी सामना त्याने जिंकलाही. गोष्ट सांगताना ते पहिल्यांदा मोकळे हसले. समुपदेशनात अशा आडवाटेच्या गप्पांना मी वेळ वाया गेला असं मानत नाही.

पुढचं काम जास्त रोखठोक होतं. सगळ्यांना एकच पत्र पाठवायचा त्यांचा हट्ट मी सोडायला लावला. संपादकांना लाज किंवा दुःख कळवायचं नसतं. पद बंद झालं, मी मोकळा आहे, या या विषयांवर लिहू शकतो, एवढं पुरे. ते लपवल्याने नुकसानच होत होतं, कारण जो नोकरीत आहे असं सगळ्यांना वाटतं, त्याला स्वतंत्र काम कोण देणार? जवळच्यांना मात्र सगळं सांगायचं, कसं वाटतंय तेही. आणि वाचकांना पद का गेलं याचा खुलासा देणं लागत नाही.

सुरुवात एका माणसापासून केली, आणि तीही तोंडी. मोठ्या गर्दीला एकदम सांगायला गेलं की माणूस एकतर रडगाणं गातो नाहीतर फुशारकी मारतो. त्यांनी प्रेस रूममध्ये वर्षानुवर्षं शेजारी बसणारा मित्र निवडला. त्याने ‘मग आता काय करणार?’ असं विचारलं तर काय, याची आम्ही आधी तालीम केली. तोच प्रश्न आला. “अजून ठरलं नाही,” असं ते म्हणाले, आणि नंतरचा अर्धा तास दोघे ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवताच्या, उतारांविषयी बोलत राहिले.

मास्टर्स त्यांनी टीव्हीवर पाहिली. गुरुवारी चिडून बंद केली. रविवारी बायकोबरोबर पाहिली. ऑगस्टाचे चढउतार पडद्यावर सपाट दिसतात, हे त्यांना प्रत्यक्ष पाहिल्यामुळे ठाऊक होतं. बायको प्रश्न विचारत गेली आणि त्यातून एका लेखाचा विषय निघाला. एका संपादकाने तो घेतला. मानधन जेमतेम.

पत्र मे महिन्यात गेलं, वाचकांना वेगळं आणि नातेवाइकांना वेगळं. ‘घरी सगळे मजेत’ ही ओळ दोन्हींत नाही. काहींची आपुलकीची उत्तरं आली, काहींनी काहीच कळवलं नाही. त्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याचं मौन त्यांना अजून सलतं, आणि त्याच्याशी स्वतःहून बोलावं की नाही यावर आमचं एकमत झालेलं नाही. पुढच्या भेटीत पैशांचा विषय आहे. येत्या सहा महिन्यांचा खर्च आणि हाती असलेली कामं कागदावर मांडून आणा, असं मी त्यांना सांगितलं आहे, आणि शक्य असेल तर बायकोलाही बरोबर घेऊन या, असंही.