हरताळ पाळतात आणि हरताळ फासतात, त्यांची गोष्ट

प्रश्न असा आहे: “‘नियमांना हरताळ फासला’ असं वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. हरताळ म्हणजे बंद. मग तो फासायचा कसा? शिवाय कोणी म्हणतं हरताळ म्हणजे मनशीळ. यातलं खरं काय?”

उत्तर क्रियापदातच आहे. आपण अंगाला भस्म फासतो, एखाद्याच्या तोंडाला काळं फासतो. फासायला लेप लागतो. बंद पुकारतात, पाळतात. तो कोणी फासत नाही. म्हणजे इथे दोन निराळे शब्द आहेत आणि मराठीत त्यांचा उच्चार एक होऊन बसला आहे.

पहिला हरताळ बाजारातला. संस्कृत ‘हट्ट’ म्हणजे बाजार किंवा दुकान (आपला ‘हाट’ तोच), त्याला टाळं लागलं की हरताळ. गुजरातीत आणि हिंदीत यातला ‘ड’ अजून शाबूत आहे. रौलट कायद्याविरुद्ध 6 एप्रिल 1919 रोजी देशभर पाळला गेला, तो हा हरताळ. हिंदीवाले ‘हड़ताल’ आणि ‘हरताल’ वेगळे लिहितात, म्हणून त्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही. आपण दोन्हीकडे ‘र’च ठेवला आणि घोटाळा झाला.

दुसरा हरताळ खाणीतला. संस्कृतात ‘हरिताल’. यातल्या ‘हरि’ला हिरव्यापासून पिवळ्यापर्यंत सगळा पट्टा चालतो, हळदीची ‘हरिद्रा’ त्याच घरातली. अमरकोशात हरितालाला पिंजर, पीतन, ताल, आल अशी नावं दिली आहेत. पदार्थ म्हणून पाहिलं तर हे आर्सेनिकचं सल्फाइड: आर्सेनिकचे दोन अणू, गंधकाचे तीन. लॅटिनमध्येही त्याला ‘सोनेरी रंगद्रव्य’ अशाच अर्थाचं नाव होतं. (भाद्रपदातल्या हरतालिकेशी याचा संबंध जोडू नये. पार्वतीला सखीने, म्हणजे आलीने, हरण करून नेलं अशी त्या नावाची पारंपरिक फोड आहे.)

आता फासण्याकडे येऊ. हाताने पोथ्या लिहिणाऱ्याची चूक झाली तर ती खोडायची कशी? काजळाची शाई म्हणजे शुद्ध कार्बन. ती ना उडते, ना फिकी पडते. पान खरवडलं तर भोक पडायचं. मग लेखक हरताळाची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून चुकलेल्या अक्षरांवर तिचा हात फिरवायचा आणि लेप वाळला की त्यावर बरोबर अक्षर लिहायचा. जुन्या कागदी पोथ्यांत असे पिवळे चट्टे अजून दिसतात. ‘हरताळ फासणे’ म्हणजे लिहिलेलं रद्द करणे, तो हाच व्यवहार.

पण पिवळे रंग तर पुष्कळ आहेत, मग हरताळच का? हळद लावली असती तर अक्षर खालून तसंच दिसलं असतं. लेपाची झाकण्याची ताकद बरीचशी त्याच्या अपवर्तनांकावर अवलंबून असते, म्हणजे प्रकाश त्याच्या कणांत शिरताना किती वळतो त्यावर. कणांचा आणि डिंकाचा अपवर्तनांक जितका दूर, तितका प्रकाश विखुरतो आणि खालचं दिसेनासं होतं. डिंकाचा साधारण 1.5. हिऱ्याचा 2.42. हरताळाचा, स्फटिकातल्या दिशेनुसार, 2.4 पासून 3 पर्यंत. बहुतेक दिशांना हिऱ्याच्याही वर! आजच्या पांढऱ्या खोडद्रव्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालतात तोही याच गुणासाठी. भर म्हणजे हरताळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, रंगाने जुन्या कागदाच्या जवळ जातो आणि विषारी असल्याने किड्यांनाही मानवत नाही. आसामात तर सांची नावाच्या झाडाच्या सालीची पानं हरताळाने माखून घेत. तिथली ‘हेंगुल-हाइताल’ ही जोडी म्हणजे आपला हिंगूळ आणि हरताळ; हिंगूळसुद्धा सल्फाइडच, पण पाऱ्याचं.

एक खोड मात्र आहे. उजेडात फार दिवस राहिला की हरताळ ऑक्सिजनशी संयोग पावून विटतो आणि त्याचं पांढरं आर्सेनिक ऑक्साइड होतं, म्हणजेच आपला सोमल. चित्रांतला हरताळ यामुळे फिका पडलेला आढळतो. रुमालात बांधून ठेवलेल्या पोथीत उजेड कुठून येणार? म्हणून तिथले चट्टे पिवळेधमक राहतात.

अर्थाचा प्रवास मला गमतीचा वाटतो. लेखकाच्या हातात हरताळ चूक सुधारण्यासाठी होता. वाक्प्रचारात तो नेहमी चांगल्यावरच फासला जातो. नियम, तत्त्वं, आश्वासनं, संकेत. ‘त्याने आपल्या दुर्गुणांना हरताळ फासला’ असं कोणी लिहीत नाही. जवळचा वाक्प्रचार ‘बोळा फिरवणे’. पण बोळा पाटीवर फिरतो, लिहिलेलं पुसूनच टाकतो. म्हणून तो कष्टांवर आणि आशेवर फिरतो. हरताळाखाली मूळ मजकूर तसाच असतो. हे अक्षरशः खरं आहे: डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांना हरताळ बराचसा पारदर्शक असतो आणि काजळ ते शोषून घेतं, त्यामुळे अवरक्त छायाचित्रात लेपाखालचं अक्षर उमटू शकतं. नियम कागदावर कायम असतो, फक्त तो नसल्यासारखं वागलं जातं, तिथे ‘हरताळ’ नेमका बसतो. ‘वर्षभराच्या मेहनतीला हरताळ फासला’ यापेक्षा मला तिथे बोळाच बरा वाटतो. आणि ‘नियमांना हरताळ पाळला’ हे तर चूकच.

राहिली मनशीळ. ती हरताळाची सख्खी बहीण, पण वेगळी. तिच्यातही आर्सेनिक आणि गंधकच. मात्र प्रमाण चारास चार आणि रंग केशरी-लाल. हरताळात अणूंचे थर एकावर एक रचलेले असतात, म्हणून त्याचे पापुद्रे सुटतात. आयुर्वेदातल्या रसशास्त्रात, म्हणजे धातू-खनिजांच्या औषधशास्त्रात, उत्तम हरताळाला ‘पत्रताल’ आणि गोळ्यासारख्या ओबडधोबड प्रकाराला ‘पिंडताल’ म्हणतात, ते उगाच नाही. मनशिळेत थर नाहीत, सुटे रेणू आहेत, आणि उजेडाने त्या रेणूंची मांडणी बदलून तिची पिवळी भुकटी होते. या भुकटीला लोक बराच काळ हरताळच समजत. ते वेगळं खनिज आहे हे 1980 मध्ये मान्य झालं आणि त्याला पॅरारिअल्गार नाव मिळालं. रेम्ब्रांटच्या 1642 च्या ‘नाइट वॉच’ या चित्रातल्या एका अधिकाऱ्याच्या सोनेरी कशिद्यात 2024 मध्ये तेच सापडलं. ते मनशीळ विटून झालेलं नसून चित्रकाराने सोन्याची झाक आणायला मुद्दाम वापरलेलं असावं, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. तेव्हा कोशात ‘हरताळ’पुढे ‘मनशीळ’ दिसली तर तिला नातलग समजा, पर्याय नव्हे.

आणि काष्ठौषधीच्या दुकानात ‘गोदंती हरताळ’ म्हणून जी पांढरी वस्तू देतात, ती जिप्सम. नावात हरताळ असला तरी ते कॅल्शियमचं सल्फेट आहे, आर्सेनिकचं सल्फाइड नव्हे.