मालकी शेतातला साग तोडायचाय, बांधाला लागून राखीव वन आहे. आधी काय बघावं?

पेठ-सुरगाण्याकडे हा प्रश्न नेहमीचाच. आधी हद्द बघा. भूमी अभिलेखची मोजणी लावा आणि खुणा वन कर्मचाऱ्यांसमोरच पक्क्या करून घ्या. बहुतेक प्रकरणं इथेच अडकतात, कारण बांधावरचं झाड कुणाचं हे अंदाजाने ठरवलेलं असतं. सातबाऱ्यावर झाडांची नोंद नसेल तर तीही करून घ्या.

साग अनुसूचित वृक्ष (कायद्याच्या यादीतलं झाड) आहे, म्हणून १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. मालक आदिवासी असेल तर आदिवासी खातेदारांच्या झाडविक्रीचा १९६९ चा कायदाही बघावा लागतो.

झाडं मोजताना खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घेतात. उतारावर ही उंची चढाच्या बाजूने धरायची. वेल आणि सुटलेली साल आधी काढा. नेमकी तिथेच गाठ असेल तर फुगवट्याच्या वर फीत लावा, नाहीतर घेर जास्त भरतो आणि नंतर मालाशी आकडे जुळत नाहीत. वन खात्याच्या हातोड्याचा छाप अगदी बुडाशीही हवा. झाड पडल्यावर खुंटावर तोच शिल्लक राहतो आणि तपासणीत तोच बघतात. करवत त्याच्या वरूनच चालवा.

काप तिरका, गुळगुळीत ठेवा. साल फाटली की पाणी मुरतं, खुंट कुजतो आणि फुटवे मरतुकडे येतात. वाहतूक परवाना हातात पडेपर्यंत ओंडके जागेवरच राहू द्या.