पुण्याजवळ धरणाचं पाणी दिसेल असा किल्ला, तुंग की तिकोना?

आईवडील किंवा मुलं सोबत असतील, तर माझं मत तिकोना. तुंगचा सुळका देखणा, पण माथा चिंचोळा. वर तुंगाईचं छोटं देऊळ आणि फार तर थोडी उसंत घेण्यापुरती जागा.

पुण्याहून लोणावळा लोकलने कामशेत, तिथून पवनानगरमार्गे तिकोना पेठ. आपली गाडी असेल तर बरं, परतीच्या एसटीची वाट बघण्यात संध्याकाळ जाते. चढ साधारण तासाभराचा. वाटेत पायाखाली राक्षसी तुडवणारा चपेटदान मारुती लागतो, तिथे थांबाच. खरी परीक्षा शेवटच्या दरवाजाच्या पायऱ्यांची: उंच, उभ्या, पावसात निसरड्या. चपला घालून येणाऱ्यांची मला कमाल वाटते.

वर महादेवाचं मंदिर, पाण्याची टाकी, पडकी तटबंदी. वाडेहुडे शोधू नका, उरलेत ते अवशेषच. १६६५च्या पुरंदर तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत हाही होता. माथ्यावर उभं राहिलं की कारण कळतं: पवन मावळाचं सगळं खोरं, समोर तुंग, पलीकडे लोहगड-विसापूर, आणि मधे डोंगरांच्या बेचक्यांत शिरलेलं पवना धरणाचं पाणी. हे पाणी अर्थातच अलीकडचं, तेव्हा खाली गावं आणि शेतं होती. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बुडालेलं वाघेश्वराचं जुनं देऊळ उघडं पडतं.

जायचं तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर: धरण भरलेलं, धुकं कमी. जुलैतला रविवार मात्र टाळा. पाणी आणि डबा घरूनच न्या.