त्याला सांगायचं नाही, पण मग?

प्रश्न : टीममधल्या एकाच्या पोटात काही राहत नाही. म्हणून मी त्याला बैठकांना बोलावणं बंद केलं. आता त्याचं कामही चुकतंय. म्हणजे माझा संशय खराच ना?

तो तोंडाचा सैल असेलही. पण काम चुकण्याचं कारण ते नाही. ग्राहकाने तारीख अलीकडे आणली हे बाकीच्यांना मंगळवारी कळलं आणि त्याला शुक्रवारी, तर तीन दिवस तो जुन्या तारखेच्या हिशेबानेच चालणार. मग तुम्ही म्हणणार, ‘बघा, बेभरवशाचा!’ हा पुरावा तुमच्याच हातचा आहे. शिवाय तुम्ही सांगितलं नाही तर तो इकडूनतिकडून कानोसा घेणार आणि अर्धवट ऐकलेलं पसरवणार. त्याच्या कामाला लागणारं सगळं वेळेवर सांगा. कुणाचा पगार, कुणाची बढती हे नको; ते तसंही कुणालाच सांगायचं नसतं.

प्रश्न : निदान मोजक्या खात्रीच्या माणसांत ठेवलेलं गुपित फुटत नाही, हे तरी मान्य?

अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पाचं बघा. अध्यक्ष रूझवेल्ट एप्रिल 1945 मध्ये वारले. तोवर उपाध्यक्ष ट्रुमन यांनाही प्रकल्पाची नीट माहिती नव्हती. ती मिळाली अध्यक्ष झाल्यावर, 25 एप्रिलला. ज्यांच्यापासून तो लपवायचा त्यांतल्या रशियनांना मात्र माहिती पोहोचत होती, आणि पोहोचवणाऱ्यांत होता क्लाउस फुक्स, प्रकल्पातलाच शास्त्रज्ञ! जुलैमध्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या परिषदेत ट्रुमन यांनी नव्या अस्त्राचा विषय काढला, तेव्हा स्टालिनच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. संशयितांची यादी करणाराही अंदाजच बांधत असतो.

प्रश्न : ज्याने खरंच फसवलंय, त्यालाही सगळं सांगायचं?

मुळीच नाही. पासवर्ड, सही केलेला चेक, काही नको. फक्त ‘हे तुला सांगणार नाही’ असं तोंडावर म्हणा.

प्रश्न : भाऊ सगळीकडे बोभाटा करतो, म्हणून आईचं आजारपण त्याच्यापासून लपवलंय. आता माझ्या मुलीलाही मामाशी खोटं बोलावं लागतं.

मुलीला यातून आजच मोकळं करा. भावाला हे कधीतरी गोळ्यांच्या पाकिटावरूनही कळेल, आणि तेव्हा तो पहिल्यांदा विचारेल, ‘केव्हापासून?’ आजाराचा धक्का मागे पडेल, तारखांवरून भांडण होईल. त्याआधी आईला विचारा (आजार तिचा आहे, हे अशा घरांत हमखास विसरलं जातं). ती हो म्हणाली, तर त्याला फोन करा. कारणही लपवू नका : ‘तू चारचौघांत बोलशील अशी भीती वाटली, म्हणून थांबले.’ तो चिडेल. चिडू द्या.