प्रकरण संपते तिथे

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. रोज एक प्रकरण असा नेम करून मोठी कादंबरी हाती घेतली, पण नवव्या-दहाव्या प्रकरणापर्यंत सुरुवातीची पात्रे पुसट होऊ लागली. तेव्हा असे थोडेथोडे वाचत राहण्यापेक्षा सुटीत ठाण मांडून ती एकदाची संपवावी का, हा तुझा प्रश्न आहे. तसे करू नये, असे मला मनापासून वाटते. मात्र रोज एक प्रकरण हा नेम पाळल्यानेही काही साधत नाही, हे तुझ्या अनुभवाने दाखवलेच आहे. प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटण्याआधीची दहा मिनिटे कशी जातात, यावर सारे अवलंबून आहे, आणि हे पत्र त्या दहा मिनिटांविषयी आहे.

कादंबरीकार प्रकरणे का पाडतात, याचा विचार फार पूर्वीपासून झालेला आहे. हेन्री फील्डिंगने १७४२ साली प्रसिद्ध झालेल्या 'जोसेफ अँड्र्यूज'मध्ये दुसऱ्या भागाचे पहिले प्रकरण याच विषयाला दिले आहे. दोन प्रकरणांमधली मोकळी जागा ही प्रवासातल्या सराईसारखी असून वाचकाने तिथे घटकाभर टेकावे, असे तो सांगतो. प्रकरणे असली की खूण म्हणून पानांचे कोपरे दुमडावे लागत नाहीत आणि पुस्तकाची शोभा टिकते, हाही लाभ तो आवर्जून नोंदवतो. मला यातली सराईची कल्पना महत्त्वाची वाटते, कारण सराईत थांबलेला प्रवासी किती वाट सरली याचा अंदाज घेतो आणि पुढच्या वाटेची चौकशीही करतो.

पुढे कादंबऱ्या नियतकालिकांतून क्रमशः येऊ लागल्या, तेव्हा हा थांबा वाचकाच्या मर्जीवर राहिला नाही. डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात दर आठवड्याला थोडी थोडी छापली गेली. आपल्याकडे हरी नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक' साप्ताहिकातून अशीच वाचकांपर्यंत पोचली. त्या वाचकांना पुढचा अंक येईपर्यंत वाट पाहावी लागे, आणि तेवढ्या दिवसांत नायिका यमुनेचे पुढे काय होणार याची चर्चा घरोघरी करायला त्यांना अवधी मिळे. लेखकाने प्रकरणाचा शेवट घडवला तो ही वाट पाहणे गृहीत धरून. तीच कादंबरी एका जिल्दीत हाती आली की आपण क्षणात पान उलटतो आणि त्या शेवटाला मनात रुजायला वेळच मिळत नाही. म्हणून ती वाट पाहण्याची जागा तू स्वतःहून परत निर्माण करावीस, असे मी सुचवते.

यासाठी एक साधी वही पुरे. प्रकरण संपले की तीन गोष्टी लिही: या प्रकरणामुळे आधीच्यापेक्षा काय बदलले, माझ्या मनात कोणता प्रश्न उरला, आणि पुढे काय होईल असे मला वाटते. गोषवारा मात्र लिहू नकोस. कोण कुठे गेले आणि काय बोलले हे पुस्तकात आहेच. ते उतरवून काढताना हात चालतो आणि मन स्वस्थ बसते. बदल शोधताना मात्र प्रकरणाकडे संपूर्ण पाहावेच लागते. एखाद्या प्रकरणात काहीच बदलले नाही असे वाटले, तर तेही प्रामाणिकपणे लिही आणि मग लेखकाने ते का ठेवले असेल, याचा विचार कर.

दस्तयेव्हस्कीची 'गुन्हा आणि शिक्षा' मी प्रथम वाचली ती तीन रात्रींत, अधाशासारखी. गुन्हा आठवत राहिला आणि अखेर आठवत राहिली. मधला सारा प्रदेश धूसर झाला. काही वर्षांनी वही घेऊन प्रकरणवार वाचली, तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की, गुन्हा पहिल्या भागाच्या सातव्या प्रकरणातच घडून जातो, आणि त्यानंतर पाच भाग व उपसंहार उरतो. माझ्या वहीत सहाव्या प्रकरणापर्यंतचा प्रश्न 'हा खरोखर ते करील का?' असा होता आणि आठव्या नोंदीला तो 'हा आता स्वतःबरोबर कसा राहील?' असा झाला होता. कादंबरीचे सारे बळ या प्रश्नाच्या पालटण्यात आहे, आणि तीन रात्रींच्या वाचनात नेमके तेच माझ्या हातून निसटले होते.

पात्रे विसरतात अशी तुझी तक्रार आहे, आणि रशियन कादंबऱ्यांत तर एकाच माणसाची तीन-चार नावे गोंधळात टाकतात. त्यासाठी वहीचे शेवटचे पान नावांसाठी राखून ठेव. पण नावापुढे केवळ नाते लिहून थांबू नकोस, त्याला कोण कोणत्या नावाने हाक मारते तेही लिही. याच कादंबरीचा नायक निवेदनात रास्कोल्निकोव असतो, त्याची आई त्याला रोद्या म्हणते, आणि चौकशी करणारा पोर्फिरी त्याला रोदिओन रोमानोविच असे स्वतःचे व वडिलांचे नाव जोडून अदबीने संबोधतो. ती अदब प्रकरणागणिक कशी अधिकाधिक जाचक होत जाते, हे या पानावरून दिसू लागले की नावे पाठ करण्याचे कष्ट उरत नाहीत.

घाईत काय हरवते, याचे मला सर्वांत जिव्हारी लागलेले उदाहरण व्हर्जिनिया वुल्फच्या १९२७ सालच्या 'टू द लाइटहाउस'मधले आहे. तिच्या तीन भागांपैकी मधल्या, छोट्या भागात दहा वर्षे सरतात आणि कादंबरीतला सर्वांत मोठा मृत्यू चौकटी कंसातल्या एका वाक्यात येऊन जातो. कोणाचा, ते इथे लिहीत नाही. पहिल्या भागानंतर थांबून, तिथे कोण कोणाच्या आधाराने उभे आहे हे ज्याने लिहून ठेवले आहे, त्याला त्या कंसाचा धक्का बसतो. सलग वाचणाऱ्याला कधीकधी ते वाक्य वाचल्याचेही आठवत नाही. शीर्षकांकडेही असेच लक्ष ठेव. 'अ‍ॅना कॅरेनिना'च्या दोनशेहून अधिक प्रकरणांत टॉल्स्टॉयने एकाच प्रकरणाला शीर्षक दिले आहे, आणि ते 'मृत्यू' आहे.

अलीकडच्या कादंबऱ्यांत प्रकरण हे माप नेहमी तसेच लागू पडत नाही. १९६७ साली आलेल्या गार्सिया मार्केसच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'मध्ये वीस प्रकरणे आहेत, पण त्यांना क्रमांकही नाहीत आणि नावेही नाहीत. तिथे क्रमांक तूच पेन्सिलीने घाल. काही कादंबऱ्यांत प्रकरणेच नसतात, तेव्हा काळ, स्थळ किंवा पाहणारी नजर बदलते तिथे आपला थांबा मानावा. याउलट दोन-तीन पानांची प्रकरणे आणि आळीपाळीने बोलणारे निवेदक अशी रचना असेल, तर प्रत्येक तुकड्याला नोंद लिहिणे व्यर्थ आहे. सर्व निवेदकांची एक फेरी पूर्ण झाली की थांब, आणि त्या फेरीत कोणी काय सांगायचे टाळले ते लिही.

तयार प्रकरणवार सारांश वाचून मग पुस्तकाकडे वळण्याची सवय मात्र मला अजिबात मान्य नाही. त्यात तुझा अंदाज बांधण्याचा हक्क दुसऱ्याच्या हाती जातो. मित्रमैत्रिणींबरोबर वाचणार असशील तर अवश्य वाच, पण ठरलेल्या प्रकरणापलीकडचे कोणी बोलू नये, एवढा एकच नियम ठेव.

आणि शेवटची चार-पाच प्रकरणे आली की नेम सोडून दे. तिथे कथा स्वतःच्या वेगाने धावत असते, तिला अडवू नये; सलग वाच, हवे तर रात्र जागून वाच. नंतर एक-दोन दिवस जाऊ देऊन पहिले प्रकरण पुन्हा उघड आणि त्याखाली दुसरी नोंद लिही.

तुझी कादंबरी दहाव्या प्रकरणाशी अडली आहे. पहिल्यापासून सुरुवात करायला नको. आठव्यापासून पुन्हा घे आणि नोंदी तिथून सुरू कर. दहा नोंदी झाल्या की वही मला पाठव. त्यातले चुकलेले अंदाज खोडू नकोस, मला आधी तेच वाचायचे आहेत.

तुझी हितचिंतक