‘जलद्वेषी’ नव्हे, आणि ‘ओल’ आर्द्रापासून नव्हे

सांगलीच्या एका प्राध्यापिकांनी विचारले आहे की, प्रथिने किंवा डीएनए पाण्यात असताना त्यांच्याभोवती पाण्याचे रेणू ज्या रीतीने मांडले जातात त्या ‘हायड्रेशन’ला मराठीत काय म्हणावे, आणि प्रथिनांच्या तेलकट भागांना (इंग्रजीत ‘हायड्रोफोबिक’) ‘जलद्वेषी’ म्हणणे बरोबर आहे काय.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण हा शब्द ऐकून कान विटले आहेत. ‘जलद्वेषी’ चूक आहे आणि ‘जलभीरू’ त्याहून चूक. पाण्याचे भय हे पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशानंतरचे लक्षण. सुश्रुताने त्याला ‘जलत्रास’ असे चोख नाव दिले आहे, तेवढे पुरे. तेलकट रेणू आणि पाणी यांच्यात द्वेष मुळीच नसतो, क्षीण का होईना पण आकर्षणच असते. मिथेन वायू पाण्यात विरघळताना उष्णता बाहेर पडते, ती उगाच नव्हे. अडचण एवढीच की पाण्याच्या रेणूला शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंध जोडायचे असतात आणि तेलकट पृष्ठभागापाशी बंध जोडण्याजोगे काही नसते. म्हणून तेथील रेणू आपले बंध वाया जाऊ नयेत अशा बेताने पृष्ठभागाला साधारण समांतर वळतो, त्याला वळण्याच्या वाटा कमी उरतात आणि एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणाचे माप, घटते. तेलकट भाग एकमेकांना बिलगले की हे अडकलेले पाणी मोकळे होते, आणि प्रथिनांच्या घडीमागे हे मोठे कारण आहे असे रसायनशास्त्रज्ञ कॉझमन यांनी १९५९ मध्ये मांडले. फ्रँक आणि इव्हान्स यांनी १९४५ मध्ये या पाण्याला हिमनगाची उपमा दिली. ती अजून शिकवली जाते, पण मला ती मान्य नाही. तेथे बर्फ नसतो. पाणी द्रवच असते, फक्त वळायला थोडे मंद.

अशा पदार्थाला खरे तर ‘उदासीन’ शोभले असते, कारण राजनीतीत जो शत्रूही नाही आणि मित्रही नाही तो उदासीन. पण रसायनशास्त्राने तो शब्द आम्लही नाही आणि अल्कही नाही अशा द्रावणाला देऊन टाकला आहे. म्हणून ‘जलविमुख’ म्हणावे. सांगलीच्या हळदीतले कर्क्युमिन तेलात उतरते आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्याला हा शब्द नेमका बसतो.

हायड्रेशनसाठी औपचारिक लेखनात ‘जलयोजन’ चालेल. मात्र ज्यात पाणी स्वतः फुटून दुसऱ्या रेणूचा बंध तोडते त्या जलीय विच्छेदनाशी त्याची गल्लत करू नये. ‘जलकवच’ मला खटकतो, कारण कवच टणक असते आणि हे पाणी सतत बदलते. प्रथिनाच्या पृष्ठभागावरचे बहुतेक रेणू सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी काळ एका जागी टिकतात. धन भाराच्या गटाकडे ते ऑक्सिजनची बाजू करतात, ऋण भाराच्या गटाकडे हायड्रोजनची. डीएनएच्या अरुंद खाचेत, जेथे ए (ॲडेनिन) आणि टी (थायमिन) या घटकांच्या जोड्या सलग येतात तेथे, पाण्याच्या रेणूंची कण्यासारखी ओळ ड्र्यू आणि डिकरसन यांना १९८१ मध्ये स्फटिकात दिसली. त्याच्या कितीतरी आधी रोझलिंड फ्रँकलिन यांनी दाखवले होते की हवेतील दमटपणा वाढवला की डीएनएचा धागा ‘ए’ रूपातून ‘बी’ रूपात जातो. म्हणजे रेणूचा आकारच त्याने किती पाणी धरले यावर ठरतो.

आणि ‘धरले’ म्हटले की मराठीत एकच शब्द पुढे येतो, तो म्हणजे ओल. पाट दिल्यावर वाहते पाणी निघून जाते, ढेकळांच्या कणांना चिकटलेले मागे राहते आणि मधे हवा खेळू लागते, तेव्हा शेतकरी वाफसा आला म्हणतो. जमीन ओल धरते, तसे प्रथिन ओल धरते. याहून नेमके क्रियापद कोणत्याही परिभाषेला सापडायचे नाही.

हा शब्द आला कोठून? बाराव्या शतकातला जैन वैयाकरण हेमचंद्र आपल्या प्राकृत व्याकरणात ‘उदोद् वार्द्रे’ असे सूत्र देतो, म्हणजे ‘आर्द्र’च्या ‘आ’चा विकल्पाने उ किंवा ओ होऊन ‘उल्ल’, ‘ओल्ल’ ही रूपे होतात. सूत्र नोंदीपुरते ठीक आहे, पण ते कारण सांगत नाही. ‘आर्द्र’मध्ये ओष्ठ्य, म्हणजे ओठांनी उच्चारायचे, व्यंजन एकही नसताना ‘आ’ ओठांकडे का जावा? माझ्या मते ओल ‘उन्दी क्लेदने’ या धातूची, म्हणजे भिजवणे या अर्थाच्या ‘उन्द्’ची लेक आहे. ‘उदक’ त्याच घरचे, आणि ग्रीक ‘हुदोर’ही त्याच घरचे, ज्यापासून ‘हायड्रेशन’ झाले. ‘भद्र’चा ‘भल्ल’ आणि पुढे ‘भला’ होतो, त्याच वाटेने ‘उद्र’चा ‘उल्ल’ आणि पुढे ‘ओला’. तेव्हा हायड्रेशनला ओल म्हणणे म्हणजे घरातलाच शब्द घरात आणणे आहे.

कोशकार ‘आर्द्र’च पुढे करतील. ‘आर्द्र’ची खरी संतती सातारा जिल्ह्यातल्या शेतांत मुबलक पिकते: ‘आर्द्रक’, ‘अल्लअ’, आले. ध्वनींचे सगळे नियम पाळून तेथे ‘आ’ जसाच्या तसा राहिला आहे. एकाच मुळातून ‘आले’ही निघाले आणि ‘ओले’ही, असे ज्यांचे म्हणणे आहे, त्यांनी तो ‘ओ’ कोठून आला ते आधी दाखवावे.