एल पासोचे आरोग्य विद्यापीठ, २०१३ चा कायदा आणि तुमची रेसिडेन्सी

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची एमबीबीएस पदवी घेतल्यावर टेक्सासमधील एल पासो येथे इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातील प्रशिक्षणासाठी, अर्ज करण्याचा तुमचा विचार आहे. मात्र येथील टेक्सास टेक या विद्यापीठ समूहाचे आरोग्य विज्ञान केंद्र (तेच येथील आरोग्य विद्यापीठ) २०१३ च्या कायद्याने स्थापन झालेले असल्यामुळे ते कितपत भरवशाचे, अशी शंका तुम्ही विचारली आहे. मी याच शहरात राहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

ते साल फसवे आहे. टेक्सास टेकचे वैद्यकीय शिक्षण येथे १९७० च्या दशकापासून चालू आहे. फक्त ते टेक्सासमधीलच लबक शहरातील केंद्राची शाखा म्हणून चालत असे, आणि लबक येथून सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर, शिवाय तेथील घड्याळही एक तास पुढे. चार वर्षांचे वैद्यकीय महाविद्यालय २००९ मध्ये ४० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाले. पुढे सिनेटर होसे रॉड्रिगेझ यांनी मांडलेल्या सिनेट विधेयक १२० वर गव्हर्नर रिक पेरी यांनी मे २०१३ मध्ये सही केली आणि ही शाखा टेक्सास टेक समूहातील चौथे विद्यापीठ झाली. प्राध्यापक, इमारती आणि रुग्ण तेच राहिले. अध्यक्ष, पदवी आणि राज्याच्या अंदाजपत्रकातील तरतूद मात्र स्वतंत्र झाली. टेक्सासच्या विधिमंडळाचे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच, तेही जास्तीत जास्त १४० दिवस भरते आणि पुढच्या दोन वर्षांचे पैसे त्यातच ठरतात, हे लक्षात घेतले म्हणजे स्वतंत्र तरतुदीचे मोल कळते. येथील दंतवैद्यक महाविद्यालय २०२१ मध्ये सुरू झाले.

नाशिकचे विद्यापीठ राज्यभरातील महाविद्यालये संलग्न करून घेते, परीक्षा घेते आणि पदवी देते. एल पासोचे केंद्र स्वतः शिकवते आणि त्याचे प्राध्यापकच रुग्ण तपासतात. मात्र मुख्य शिक्षण रुग्णालय, युनिव्हर्सिटी मेडिकल सेंटर, विद्यापीठाच्या मालकीचे नाही. ते काउंटीच्या (म्हणजे तेथील जिल्ह्याच्या) हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट या सार्वजनिक संस्थेचे आहे.

तुमच्यापुरते पाहिल्यास रेसिडेन्सीला मान्यता एसीजीएमई ही अशा प्रशिक्षणाला मान्यता देणारी अमेरिकी संस्था देते, परवाना टेक्सास मेडिकल बोर्ड देते आणि व्हिसा अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या हातात असतो. या तिन्हींपैकी कशाचाही निर्णय २०१३ च्या कायद्याने होत नाही. म्हणून विद्यापीठाच्या वयापेक्षा ती रेसिडेन्सी कोणत्या व्हिसावर उमेदवार घेते, हे अर्जापूर्वीच लेखी विचारा. जे-१ या प्रशिक्षणासाठीच्या व्हिसावर आलात तर प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू होते. डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षे काम करण्याच्या बदल्यात ती माफ होऊ शकते, पण अशी माफी देणाऱ्या कॉनराड योजनेखाली प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० च जागा मिळतात. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा हवा असेल तर यूएसएमएलई या अमेरिकेच्या वैद्यकीय परवाना परीक्षेचा तिसरा टप्पा (स्टेप ३) आधीच उत्तीर्ण असावा लागतो.

राहिला भाषेचा प्रश्न. शहर मेक्सिकोच्या सिउदाद हुआरेसला लागून आहे आणि पुष्कळ रुग्ण स्पॅनिशच बोलतात. येथील एमडीच्या (अमेरिकेतील पहिल्या वैद्यकीय पदवीच्या) अभ्यासक्रमात वैद्यकीय स्पॅनिश आहे ती त्यामुळेच. दुभाषी मिळतो, तरी रात्रपाळीत छातीत दुखणाऱ्या माणसाला चार प्रश्न स्वतः विचारता आले पाहिजेत, असे माझे मत आहे. तेव्हा सप्टेंबरातील अर्जांची वाट न पाहता स्पॅनिशची शिकवणी आताच लावा.